तिकीट घराण्याचं, नजर तुझी

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी

चि. सौ. लेकीस,


परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. जिल्हा परिषदेचा तुमचा गट महिलेसाठी सुटला, सासऱ्यांनी तुझं नाव पुढं केलं, पक्षाचा एबी फॉर्मही मिळेल म्हणतात. घरात पेढे वाटून झाले. तुझ्या कानावर मात्र भलतंच आलं : ‘हिला काय कळतं? घराण्याचं तिकीट आहे. सही हिची, कारभार सासऱ्याचा अन् दिराचा.’ तू विचारलंस, ‘मामा, हे खरंच आहे, मग मी कोणत्या तोंडानं मतं मागू?’

तुला खोटा धीर देणार नाही. तिकीट घराण्यामुळेच मिळालं आहे. तुझ्याइतक्याच शिकलेल्या, तुझ्यापेक्षा जास्त राबलेल्या बायका त्याच गटात आहेत आणि त्यांना कुणी विचारलं नाही. हे मनाशी कबूल कर आणि मग पुढचं वाच.

मी इतिहासाचा मास्तर. अशा वेळी शिवरायांचं नाही तर अहिल्याबाईंचं उदाहरण द्यावं, अशी रीत आहे. पण आपल्या थोरांची नावं निघाली की आपण हात जोडतो, जयंतीला हार घालतो आणि मोकळे होतो. शत्रूला हात जोडावे लागत नाहीत, त्यामुळे त्याला नीट पारखून बघता येतं. म्हणून एका शत्रूची गोष्ट सांगतो. तो घराण्याच्या जिवावर वर आला, आपल्या मराठवाड्यात येऊन आपल्याला हरवून गेला आणि पुढं इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आर्थर वेलस्ली त्याचं नाव. जग त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणतं.

त्याचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधल्या इंग्रज सरदार घराण्यातला. बाप अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. संगीताचा मोठा नादी, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला संगीताचा पहिला प्राध्यापक. १७८१ मध्ये बाप वारला तेव्हा घरात नाव मोठं आणि पैसा तोकडा होता. थोरला रिचर्ड हुशार, सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर. आर्थरनं ईटनच्या शाळेत काही चमक दाखवली नाही. हे पोर तोफेच्या तोंडी द्यायच्याच लायकीचं, असं आईच म्हणे.

अशा पोराला तेव्हाचे सरदार लोक सैन्यात घालत आणि हुद्दे विकत घेऊन देत. १७८७ मध्ये आर्थर सर्वांत खालचा अधिकारी झाला आणि १७९३ मध्ये लेफ्टनंट कर्नल. या ६ वर्षांत त्यानं एकही लढाई पाहिली नव्हती. मेजरच्या हुद्द्यासाठी पैसे रिचर्डनं उसने दिले. मधल्या काळात, १७९० मध्ये, जेमतेम २१ व्या वर्षी तो आयर्लंडच्या पार्लमेंटात ट्रिम गावातून निवडून आला. ट्रिम ही त्यांच्या घराण्याची हक्काची जागा. मतदार मूठभर, तेही ओळखीचे आणि मिंधे. पहिलं भाषण करायला त्याला १७९३ उजाडलं. आता सांग, तुझ्या तिकिटात आणि त्याच्या तिकिटात काय फरक आहे? असलाच तर तुझ्या बाजूनं आहे. तुला हजारो लोकांच्या दारात जाऊन मत मागावं लागणार आहे, त्याला तेही करावं लागलं नाही.

त्याच सुमारास त्यानं एका सरदाराच्या मुलीला मागणी घातली आणि तिच्या घरच्यांनी याचं पुढं काही होणार नाही म्हणून नकार दिला. वेलस्लीनं आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि कामाला लागला. तू काही जाळू नकोस. तुझा पेटीचा नाद चालू ठेव. पण कुणी नालायक म्हटल्यावर त्यानं म्हणणाऱ्याशी हुज्जत घातली नाही, एवढं लक्षात घे. पुढच्या वर्षी तो हॉलंडच्या बाजूला फ्रेंचांशी लढायला गेला. तिथं इंग्रजांची दाणादाण उडाली. कडाक्याच्या थंडीत फौज पुढच्या फळीत कुडकुडत होती आणि वरिष्ठ तिकडं फिरकत नव्हते. काय करू नये ते आपण तिथं शिकलो, असं तो म्हातारपणीही सांगायचा.

१७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला. दुसऱ्या वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला आणि लोकांना बोलायला तोंड मिळालं. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणवर इंग्रजांची चाल झाली. ५ एप्रिलच्या रात्री वेलस्लीला सुलतानपेठची आमराई घ्यायला पाठवलं. दिवसाउजेडी जागा पाहिली नव्हती. अंधारात त्याची माणसं कालव्या-पाटांत भरकटली, टिपूच्या माणसांनी त्यांना पिटाळलं, आणि त्याचे १२ शिपाई पकडले गेले ते जिवंत परतले नाहीत. स्वतः त्याच्या गुडघ्याला मार बसला. सकाळ झाल्यावर जास्त कुमक घेऊन, नीट बघून त्यानं तीच आमराई घेतली. शत्रू ठाण मांडून बसला असेल तर उजेडात पाहिल्याशिवाय रात्री हल्ला करायचा नाही, अशी त्यानं त्या दिवशी मनाशी गाठ बांधली.

महिन्याभरानं, ४ मे रोजी, पट्टण पडलं. तटावर हल्ला नेला तो बेअर्ड नावाच्या जनरलनं. शहराचा कारभार मात्र वेलस्लीच्या हाती आला. बेअर्ड जन्मभर हे विसरला नाही. भाऊ गव्हर्नर जनरल आहे म्हणूनच, असं छावणीत उघड बोललं गेलं. वेलस्लीनं ते तोंडानं खोडलं नाही. त्यानं शहरातली लूट थांबवली, लुटारू शिपायांना फासावर चढवलं, बाजार पुन्हा सुरू केला आणि हिशेब घातले. तुझ्या नावानं जे बोललं जातंय त्याचं उत्तर याच मार्गानं दे. स्टेजवरून ‘मी स्वतःच्या कर्तृत्वावर आले’ असं म्हणू नकोस. लोक हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. ‘घराण्यानं मला इथवर आणलं, इथून पुढचा हिशेब माझ्याकडून घ्या’ असं म्हण. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही.

आता आपल्या मुलखात ये. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला आणि मराठ्यांच्या दौलतीची दोरी परक्याच्या हाती गेली. शिंदे आणि भोसले लढायला उठले, होळकर बाजूला राहिले. आपला परभणीचा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि निजाम इंग्रजांच्या गोटात. वेलस्लीनं ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेतला, औरंगाबाद गाठलं आणि शिंदे-भोसले हैदराबादेवर उतरतील या धास्तीनं तो गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला येऊन बसला. दुसरा इंग्रज सेनापती स्टिव्हन्सन निजामाकडची फौज घेऊन जालन्याकडं होता. दोघांनी २४ सप्टेंबरला मिळून हल्ला करायचं ठरलं होतं.

२३ तारखेला वेलस्लीला कळलं, की मराठी फौज वाटली त्यापेक्षा फार जवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असईपाशी उतरली आहे. थांबावं तर फौज निसटेल. त्याचं मुख्य सैन्य साडेचार हजारांच्या आसपास, सोबत म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ. हो, पेशव्यांचंही. आपली माणसं दोन्ही बाजूंना होती. समोर शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमान या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालचं कवायती पायदळच दहा हजारांवर, घोडदळ तीस हजारांच्या घरात आणि तोफा शंभरावर. समोरून नदी ओलांडणं म्हणजे मरण. बाजूनं जायचं तर उतार हवा, आणि वाटाडे एकमुखानं सांगत होते : उतार नाही.

वेलस्ली स्वतः पुढं गेला आणि दुर्बीण लावून बघत राहिला. नदीच्या अलीकडं एक गाव दिसलं, पलीकडच्या काठाला त्याच्या अगदी समोर दुसरं. पिंपळगाव आणि वरूड. त्यानं विचार केला : दोन गावं समोरासमोर, इतक्या जवळ वसली आहेत, तर या गावची माणसं त्या गावाला जातच असणार. पाहुणेरावळे असतील, बाजार असेल, गुरं पलीकडं चरत असतील. म्हणजे उतार असलाच पाहिजे. त्यानं फौज तिकडं वळवली. उतार निघाला. ओलांडताना तोफेचा गोळा आला आणि त्याच्या शेजारच्या स्वाराचं मुंडकं उडालं, पण फौज पार झाली.

पुढं जे झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच मेले. इंग्रजांकडचे दीड हजारांवर मेले आणि जखमी झाले, म्हणजे दर तिघांत जवळपास एक. वेलस्लीचा एक घोडा गोळीनं पडला, दुसऱ्याला भाला लागला. शिंदे आणि भोसले यांनी मात्र लढाई चालू असतानाच मैदान सोडलं. लढणारे मागं राहिले आणि धनी निघून गेले. पुढं युरोपात नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूची लढाई जिंकल्यावरही, लढाईत सर्वांत चांगलं काम कोणतं केलं असं कुणी विचारलं की वेलस्ली असईचं नाव घ्यायचा.

असई आज जालना जिल्ह्यात आहे. केळणेचं पाणी पुढं पूर्णेला मिळतं आणि पूर्णा येलदरी-सिद्धेश्वर करत आपल्या तालुक्यात येऊन गोदावरीत पडते. तुझ्या गटातल्या किती शेतांना ते पाणी लागतं, हे तुला माहीत असायला हवं. नसेल तर प्रचाराआधी माहीत करून घे.

या गोष्टीतलं मला तुझ्यासाठी हवं ते एवढंच आहे. वाटाडे खोटं बोलत होते असं नाही. त्यांनी पाहिलं नव्हतं, किंवा आजवर कुणी त्यांना असं विचारलंच नव्हतं. तुझ्याभोवती उद्यापासून असे वाटाडे जमतील. ‘ताई, त्या वस्तीत जाऊन उपयोग नाही, ती मतं आपली नाहीत.’ ‘ताई, ते काम झालंय, फक्त फीत कापायची राहिलीय.’ ‘ताई, तिथं रस्ता निघूच शकत नाही, मोजणीत बसत नाही.’ ऐकून घे, त्यांचा अपमान करू नकोस, आणि मग चप्पल घालून स्वतः जाऊन बघ.

एका गावच्या शाळेत मी मध्यंतरी गेलो होतो. मुलींचं स्वच्छतागृह कागदावर पूर्ण, बिल अदा, फोटोही जोडलेला. प्रत्यक्षात दाराला निळा रंग नवा कोरा आणि कुलूप गंजलेलं. बाईंनी किल्ली शोधून उघडून दिलं. आत भांडी बसवलेली, वर टाकी ठेवलेली, पण टाकीपासून खाली नळीच आणलेली नव्हती. सातवी-आठवीच्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या आणि त्यांतल्या काही परत यायच्याच नाहीत. शाळा सोडलेल्या मुलींची चर्चा सभेत व्हायची तेव्हा कारण म्हणून पालकांची अनास्था लिहिली जायची. पंधरा-वीस फूट नळीचा प्रश्न होता. तो सदस्यानं जागेवर जाऊन दार उघडायला लावल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट बैलांची. वेलस्लीची पत्रं पाहिलीस तर लढाईपेक्षा बैलांवर त्यानं जास्त लिहिलं आहे. किती बैल, कोणत्या जातीचे, किती ओझं, चारा कुठून, तांदूळ किती दिवसांचा. म्हैसूरचे अमृतमहाल बैल त्यानं जिवापाड जपले. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून फौजेमागून येत, त्यांचे पैसे वेळेवर जातील हे तो बघायचा. गावातून दाणावैरण घेतली तर मोबदला द्यायचा, लुटलं तर शिक्षा, असा त्याचा नियम होता. यात दयाधर्म फारसा नव्हता. गाव बिथरलं की रसद तुटते आणि रसद तुटली की शूर माणूसही उपाशी मरतो, हे त्यानं हॉलंडच्या थंडीत पाहिलं होतं.

जिल्हा परिषदेतले बैल म्हणजे कागद. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका. भाषण सगळ्यांना येतं, ही पाच नावं ओळीनं सांगू शकणारे सदस्य फार थोडे. सर्वसाधारण सभेचा अजेंडा आल्यावर तो दिराच्या हाती देऊ नकोस, आधी स्वतः वाच. मागच्या सभेचं इतिवृत्त माग आणि ठरलेल्यातलं काय झालं ते ओळीवर बोट ठेवून विचार. विषय समिती मिळताना बांधकामासाठी मारामारी असते. तू शिक्षण, आरोग्य किंवा महिला व बालकल्याण मागून घेतलंस तर लोक तुला भोळी म्हणतील. म्हणू देत. अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र नीट चालवून दाखवणं हे रस्त्याच्या बिलापेक्षा अवघड आहे आणि लोकांच्या जास्त लक्षात राहतं.

आता घरातला प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण मला कळतो. सासरे आणि दीर. अधिकारी तुझ्यासमोर बसून दिराकडं बघून बोलणार, हे गृहीत धर. गावोगाव सरपंचपती आहेत, तसे सदस्यपतीही असतात. कायद्यानं २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना दिल्या, पण खुर्चीवर कोण बोलतं हे कायदा बघायला येत नाही.

यातही वेलस्ली भावांचं बघ. रिचर्डनं आर्थरला हात धरून वर आणलं. हुद्द्याचे पैसे दिले, हिंदुस्थानात मोठी कामं दिली. १८०६ मध्ये रिचर्डच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर लंडनमध्ये चौकशीचं वादळ उठलं, तेव्हा आर्थर राय नावाच्या गावातून पार्लमेंटात गेला आणि भावाची बाजू मांडली. उपकार फेडले. पण १८२८ च्या जानेवारीत आर्थर पंतप्रधान झाला तेव्हा रिचर्ड आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट होता. कॅथलिकांना पार्लमेंटात बसायचा हक्क द्यावा, असं रिचर्डचं मत. आर्थरचा त्याला विरोध. रिचर्डनं राजीनामा दिला. भावाशी मतभेद झाले म्हणून आर्थरनं मत बदललं नाही आणि भाऊ म्हणून त्याला धरूनही ठेवलं नाही.

गंमत पुढं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक पुढारी निवडून आला, आणि कायद्यानं त्याला पार्लमेंटात बसता येईना. वेलिंग्टननं आयर्लंड जन्मापासून पाहिलेला, तिथं मंत्री म्हणून कारभारही केलेला. लोक ऐकणार नाहीत, रक्त सांडेल, हे त्याला दिसलं. ज्या गोष्टीला आयुष्यभर विरोध केला ती त्यानं स्वतः करायचं ठरवलं. राजा चौथा जॉर्ज रडला, अडून बसला. वेलिंग्टन हटला नाही. स्वपक्षाचे सरदार त्याला विश्वासघातकी म्हणाले. अर्ल ऑफ विंचिल्सीनं छापून आरोप केले, तेव्हा २१ मार्च १८२९ रोजी पंतप्रधान स्वतः पिस्तूल घेऊन त्याच्याशी द्वंद्वाला उभा राहिला. गोळी कुणालाच लागली नाही, विंचिल्सीनं माफी मागितली. १३ एप्रिलला कायदा झाला. म्हणजे वर्षापूर्वी थोरला भाऊ जे म्हणत होता तेच धाकट्यानं केलं, पण भावाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःला पटल्यावर.

घरात तूही तसंच वाग. सासऱ्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा आहे, तो फुकट जाऊ देऊ नकोस. सभेच्या आदल्या रात्री त्यांच्याजवळ बस, विचार, वाद घाल. मात्र सभेत तुझ्या तोंडून जे निघेल ते तुला पटलेलं असलं पाहिजे, आणि सही करताना खालचा मजकूर तू वाचलेला असला पाहिजे. एवढं एकच पथ्य घरात पहिल्या दिवशी सांगून टाक. पहिल्या दिवशी सांगितलं तर तो नियम होतो, सहा महिन्यांनी सांगितलं तर भांडण होतं.

इथवर वाचून तुला वाटेल, मामा या गोऱ्याच्या फारच प्रेमात आहे. म्हणून आता त्याची पडती बाजू सांगतो, कारण खरा धडा तिथंच आहे.

१८३० मध्ये इंग्लंड खदखदत होतं. खेड्यांत शेतमजूर मळणीची यंत्रं मोडत होते, गंज्या पेटत होत्या. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम ही लाखालाखाची गिरणीगावं, पण त्यांचा पार्लमेंटात एकही प्रतिनिधी नव्हता. उलट ओल्ड सारम नावाच्या उजाड टेकाडाला दोन. ट्रिमसारख्या सरदारांच्या हक्काच्या जागा जागोजाग. मतदानाची ही पद्धत बदला, असं लोक ओरडत होते. २ नोव्हेंबरला वेलिंग्टन वरच्या सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला, की आहे ही पद्धत उत्तम आहे, देशाचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे आणि मी अधिकारावर आहे तोवर ती बदलू देणार नाही. खाली बसल्यावर सभागृहात कुजबुज उठली. मी काही जास्त बोललो का, असं त्यानं शेजारच्या लॉर्ड अॅबर्डीनला विचारलं म्हणतात. अॅबर्डीन म्हणाला, ते लवकरच कळेल.

कळलं. दोन आठवड्यांत सरकार पडलं. कॅथलिकांच्या कायद्यामुळं दुखावलेले स्वपक्षीय जुने सरदार सूड घ्यायला टपलेलेच होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या जमावानं त्याच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा आत त्याच्या बायकोचं प्रेत होतं. वॉटर्लूचा वीर म्हणून ज्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्याच लोकांचे दगड होते ते. १८३२ मध्ये सुधारणेचा कायदा झालाच, त्याच्या विरोधाला न जुमानता.

तू म्हणशील, ज्याला नदीपलीकडचं गाव पाहून न दिसणारा उतार कळला, त्याला घराबाहेरचं लंडन का दिसलं नाही? मला वाटतं, असईला तो परका होता, म्हणून बघत होता. लंडनला तो घरचा होता. ज्या पद्धतीनं त्याला २१ व्या वर्षी ट्रिम मिळालं होतं ती पद्धत त्याला हवा-पाण्यासारखी वाटत होती, आणि तिच्यातली घाण दिसायला तो तिच्याबाहेर कधी उभाच राहिला नव्हता. घराण्याच्या माणसाला सर्वांत मोठा धोका हाच. त्याला जे आपोआप मिळालं, ते सगळ्यांना मिळालंय असं त्याला वाटायला लागतं.

लेकी, तुमच्या वाड्यावर नळाला रोज पाणी येतं. वाड्यापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. ग्रामपंचायत अधिकारी बोलावल्यावर येतो. म्हणून गावात पाणी आहे, रस्ता आहे आणि अधिकारी येतो, असं समजू नकोस. गावकुसाबाहेरच्या वस्तीत, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरांत, रेल्वेच्या पलीकडच्या झोपड्यांत जाऊन विचार. निवडणुकीआधी एकदा जा, ते सगळेच जातात. निवडून आल्यावर पहिल्या पावसाळ्यात जा, तेव्हा कुणी जात नाही.

वेलिंग्टनची गोष्ट पुरी करतो. मतभेद असूनही तो शहाणपणानं वागला असा आणखी एक प्रसंग आहे. १८४६ मध्ये तेव्हाचा पंतप्रधान पील यानं धान्यावरचे जकातीचे कायदे रद्द करायला घेतले. वेलिंग्टनला ते पटत नव्हतं, तरी राज्य चाललं पाहिजे म्हणून त्यानं वरच्या सभागृहातून तो कायदा पार करून दिला. १८५२ मध्ये तो वारला तेव्हा लंडननं त्याला सेंट पॉल कॅथिड्रलमध्ये मानानं पुरलं. लोक राग विसरतात. पण मधली वर्षं फुकट गेलेली असतात, आणि तुझ्याकडं वर्षं पाचच आहेत.

एक गोष्ट विसरू नकोस, हा माणूस आपलं राज्य बुडवायला आला होता. त्याची शिस्त, त्याचे हिशेब, त्याची नजर हे सगळं आपल्याविरुद्ध वापरलं गेलं. ते गुण शिक, त्याचा पुतळा मनात उभारू नकोस. आणि शिंदे-भोसल्यांचंही विसरू नकोस. तुझ्यासाठी राबणारी पोरं, दारोदार चिठ्ठ्या वाटणाऱ्या बाया निकालानंतर उन्हात उभ्या राहतील. निकाल कसाही लागो, त्यांच्याआधी तू मैदान सोडायचं नाही.

बाकी इथं सगळं ठीक. मामी तुला एकदा येऊन जा म्हणते. प्रचारात जमलं तर पूर्णेवरून चुडाव्याला वाकडी वाट कर.

अर्जाची तयारी सुरू असेलच. उमेदवाराला शपथपत्र जोडावं लागतं, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं लिहायचं असतं. वकील ते तयार करून आणील आणि दीर म्हणेल, ‘वहिनी, इथं सही करा, उशीर होतोय.’ उशीर होऊ दे. प्रत्येक पान स्वतः वाच, चूक दिसली तर दुरुस्त करून घे, आणि मगच सही कर.

तुझा,
मामा